तुम्ही विचारलंत म्हणून: हीटर प्लग मोडला, तरी बॉनेट का उघडतो?

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच विचारतात. "कोल्हापूरचं उद्यमनगर इतकं जवळ, गल्लोगल्ली मेस्त्री. हीटर प्लग मोडून हेड उतरवायची पाळी आली. तरी अजून स्वतःच का खोलता?" आजवर "आवड आहे" एवढंच म्हणून विषय संपवत आलो. आज सगळं सांगतो. गाडी डिझेलची. हीटर प्लग म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर आतून तापवणारी छोटी कांडी, आणि हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ज्यात हे प्लग बसतात.

पैसे वाचवायला करत नाही. सुरुवात त्यासाठीच झाली, हे मान्य. पण हत्यारांवर गेलेला पैसा मांडला तर ते कारण टिकत नाही. मेस्त्रींवर अविश्वास म्हणाल, तर तोही नाही. ऑइल इंजिनं घडवून मोठ्या झालेल्या या गावात राहून कारागिरावर अविश्वास कोण दाखवेल?

आता त्या दिवसाचं. डिसेंबरात सकाळी गाडी उशिरा स्टार्ट व्हायची, पांढरा धूर सोडायची. मीटर लावून बघितलं, दोन हीटर प्लग गेलेले. चारही बदलायचे ठरवलं. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडलं, सकाळी इंजिन गरम करून घेतलं. टॉर्क रेंच, म्हणजे पिळायचा जोर मोजणारा पाना, सोडवतानाही मोजणारा घेतला आणि २० न्यूटन-मीटरच्या आत ठेवला. ८ मिलिमीटर आट्याचा प्लग काढतानाही त्यापुढं जायचं नसतं. चाकाच्या नटाला याच्या जवळपास पाचपट जोर लागतो.

तीन निघाले. चौथा, गिअरबॉक्सच्या बाजूचा, हलेना. थोडा सोड, थोडा आवळ, पुन्हा तेल, असं बराच वेळ चाललं. मग एकदम पाना हलका झाला. सुटला! इतकं हायसं वाटलं की बायकोला हाक मारून सांगितलंसुद्धा. पण तो सुटत नव्हता, पिळत होता. खालचं टोक कार्बननं हेडमध्ये घट्ट धरलेलं, वरचं षटकोनी डोकं माझ्या सॉकेटमध्ये, आणि मधली पोकळ नळी ओल्या कपड्यासारखी पीळ खात होती. आवाजसुद्धा झाला नाही. सॉकेट उचललं तर आत नुसतं डोकं.

तिथंच खाली बसलो. राग कुणावर काढायचा तेच कळेना. बायको बाहेर येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

शेजारचे म्हणाले, राहू दे, आटे आतच आहेत, कॉम्प्रेशन गळत नाही, कोल्हापुरात तीन हीटरवर गाडी सुरू होतेच. बरोबर होतं त्यांचं, झालीही. पण उरलेलं टोक कधी तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन जाणार, हे डोक्यातून जाईना. हेड उतरवून घेतलं आणि उद्यमनगरात दिलं.

तिथल्या वयस्क मेस्त्रींनी ते टेबलावर बांधलं, बरोबर मध्य धरून ड्रिल मारलं, आटे न दुखावता तुकडा काढला. मी शेजारी उभा. टॉर्क किती होता ते त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "पावणं, त्यो सुटल्यागतच वाटतोय. आमच्याबी हातात मोडत्यात." धीर द्यायला म्हणाले की खरंच, अजून कळलेलं नाही. पण सुटणं आणि पिळणं एका क्षणापुरतं हाताला सारखंच लागतं, हे कुठल्या व्हिडिओत मला दिसलं नव्हतं.

मर्यादेच्या आत मोडला, असं मी त्यानंतर सगळ्यांना सांगत फिरलो. खोटं नव्हतं ते. पण ती मर्यादा कागदावरची. वर्षानुवर्षं तापून झिजलेल्या नळीला ती लागू होते का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता. आज विचारतो, आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं. मध्येच थांबून गॅरेजला नेली असती, तर कदाचित निघाला असता. कदाचित त्यांच्या हातात मोडला असता, आणि मला बिलात "हेड काम" एवढंच वाचायला मिळालं असतं.

माझं कारण हे आहे. गाडीत आई बसते, मुलं बसतात. आत काय धरून आहे आणि काय झिजलंय, हे मला स्वतःच्या हातानं माहीत हवं. हे पटत नसेल तर वाद घालू नका, मीही रात्री स्वतःशी घालतच असतो. बायकोचं म्हणणं, हे कारण मी नंतर शोधलंय. तिला अजून उत्तर देता आलेलं नाही.

सध्या एका इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाशी काळं, डांबरासारखं साचलंय आणि थंड इंजिनवर फुसफुस ऐकू येते. तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर किरकोळ किमतीचा, पण इंजेक्टरही तसाच कार्बनमध्ये रुतलेला असणार. ओढायचं पुलर आणून ठेवलंय. काढायचा की उद्यमनगरात न्यायचा, ते रविवारी बघू.