क्लाउडिया प्रोजेक्ट : 'लेपर्ड'चा ड्रिफ्ट एकदाचा सापडला!!

मंडळी, सापडला! (नवीन आलेल्यांसाठी : क्लाउडिया प्रोजेक्ट म्हणजे इटालियन सिनेमातली अभिनेत्री क्लाउडिया कार्दिनाले, तिच्या सिनेमांची मराठी सबटायटल्स करायचा माझा उद्योग.) मागच्या अपडेटमध्ये मी रडत होतो ना, की 'द लेपर्ड'च्या मराठी एसआरटीला, म्हणजे सबटायटलच्या फाइलला, जुन्या डिस्कवर काही प्रॉब्लेम नाही आणि नवीन ब्लू-रेवर टाकली की अर्ध्या तासात ओळी आवाजापासून सरकून (हाच तो ड्रिफ्ट) बोंब, त्याचं कारण कळलंय.

एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स याचा, घोळ तर होताच, जुनी डिस्क पाल (युरोपातली टीव्ही पद्धत), म्हणजे २५ फ्रेम्स, नवीन २३.९७६, साधारण ४ टक्के फरक, १८५ मिनिटांचा सिनेमा पालवर १७७-१७८ मिनिटांत उरकतो. ते सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकचं काम. पण ते करूनही मधूनच ओळी पुढेमागे व्हायच्या, आणि हळूहळू सरकत नाही तर एकदम उडी. पॉइंट सिंक केलं, म्हणजे एखादी ओळ आवाजाशी जुळवून बाकीच्या तिच्याबरोबर सरकवल्या, तर पुढचं जुळायचं आणि मागचं बिघडायचं. डोकं पिकलं अक्षरशः. शेवटी वैतागून प्रत्येक उडीची वेळ कागदावर लिहून काढली तर सगळ्या उड्या १८-२० मिनिटांच्या अंतराने! म्हणजे रीळ बदलायची जागा. जुनी डिस्क ज्या प्रिंटवरून केली तिच्या प्रत्येक रिळाच्या टोकाच्या काही फ्रेम्स गेलेल्या असणार. मग काय, फाइलचे रीळनिहाय तुकडे केले, प्रत्येकाला वेगळा ऑफसेट दिला (वेळ तेवढी पुढेमागे सरकवली), परत जोडले. बसलं चपखल. (एजीसब हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी वाद घालू नये, वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघायला ते छान आहे पण असल्या कामाला सबटायटल एडिटच.)

एवढा जीव का काढला ते सांगतो. सिनेमातल्या दोनाफुगाता गावातल्या जेवणाचा सीन. तान्क्रेदी (आलाँ दलाँ) चावट किस्सा सांगतो आणि अँजेलिका, म्हणजे आपली क्लाउडिया, हसत सुटते, हसतच राहते, टेबलावरची बाकी मंडळी गप्प होत जातात आणि हिचं चालूच. तिथे मी मुद्दाम एकही ओळ ठेवलेली नाही. पण ड्रिफ्टमुळे पुढचा डायलॉग दीड सेकंद आधीच, त्या हसण्यावर येऊन बसायचा, सीनची पार वाट. आता पडदा खालून कोरा राहतो. मी तो सीन परत परत लावून बघितला, खोटं कशाला बोलू.

गंमत म्हणजे ज्या इटालियन ट्रॅकसाठी एवढा आटापिटा केला त्यावर अँजेलिकाचा आवाज क्लाउडियाचा नाहीच, सोल्वेग द'असुंता या डबिंग करणाऱ्या बाईंचा आहे! क्लाउडियाबाई ट्युनिसच्या, घरचे सिसिलीचे, पण वाढल्या फ्रेंच बोलत, इटालियन नीट शिकल्या त्या सिनेमात आल्यावर, आणि आवाज घोगरा, त्यामुळे सुरुवातीची वर्षं दुसऱ्यांचेच आवाज. सिनेमाचा अमेरिकन नायक बर्ट लँकेस्टर, त्याचं तर ओठ इंग्रजी आणि आवाज इटालियन. मग ओळ ओठांवर टाकायची की आवाजावर? माझं ठरलं, आवाजावर. ज्याला लँकेस्टरचा स्वतःचा आवाज ऐकायचाय त्याने अमेरिकन १६१ मिनिटांची आवृत्ती एकदा बघावी, पण बरंच कापलंय, मी तिची एसआरटी करणार नाही, विचारू नका.

हे लिहिता लिहिता वाटतंय की सिनेमांच्या यादीचा क्रमच बदलावा. सालाप्रमाणे जायचं ठरलं होतं, १९५८ पासून, पण आता आवाजाप्रमाणे जाऊ या का? म्हणजे तिचा स्वतःचा आवाज असलेले आधी, आणि त्यात पहिला फेलिनीचा 'एट अँड अ हाफ'. त्याचं आणि 'लेपर्ड'चं शूटिंग एकाच सुमारास, एकीकडे 'लेपर्ड'चा दिग्दर्शक व्हिस्कोंती, त्याला केस काळे हवेत, दुसरीकडे फेलिनीला फिकट, आणि फेलिनीनेच पहिल्यांदा तिचा स्वतःचा आवाज ठेवला. रात्रीच्या त्या सीनमध्ये नायक मास्त्रोयानीला ती एकच वाक्य तीनदा ऐकवते, तीनही वेळा वेगळी ओळ टाकायची की तीच, ते अजून ठरत नाहीये. माझा कल तीच ठेवण्याकडे, फरक आवाजात आहे तो आवाजालाच करू दे.

त्यानंतर 'ला रागाझ्झा दि बूबे', तोही १९६३ चाच, तोही स्वतःच्या आवाजात, आणि १९६५ चा नास्त्रो द'अर्जेंतो (इटालियन सिनेपत्रकारांचा पुरस्कार) तिला याच रोलसाठी मिळाला. सौंदर्यस्पर्धा जिंकून बक्षीस म्हणून व्हेनिसला आलेली मुलगी म्हणून जे तिला सोडून देतात त्यांना हा दाखवा. 'पिंक पँथर' आता सगळ्यात शेवटी, तिथे गेल गार्नेटचा आवाज आहे. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'लाही इंग्रजी-इटालियन दोन्हीकडे दुसऱ्यांचेच आवाज, पण तो मी सोडणार नाही, स्टेशनवरचा तो क्रेन शॉट आहे बाबांनो, शिवाय त्यात बोलणंच कमी, काम हलकं!

'बूबे'ची डिस्क मात्र अजून धड मिळत नाहीये. एका विक्रेत्याने पाठवली ती कव्हर एक आणि आत भलताच सिनेमा, फोन उचलत नाही आता. कोणाकडे असेल तर सांगा, आणि सांगताना २५ की २३.९७६ ते आधी सांगा, प्लीज.