तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीच्या वर्षी लेकराला खेळू द्यावं का?

जून उजाडला की फोन सुरू होतात. "सर, लेकरू दहावीला गेलंय, आता ते खो-खोचं बंद करावं म्हणतो, तुमचं काय मत?" मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर, माझं मत काय असणार हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं, तरी विचारतात, कारण मीच खेळायला नाही म्हणलो तर ते मोकळे. मी काही खेळायला नाही म्हणत नाही.

पण खेळल्यानं मार्क वाढतात असंही मी कुणाला सांगत नसतो. काहींचे वाढले, काहींचे तेवढेच राहिले, एखाद्याचे उतरलेपण. लातूर पॅटर्नच्या गावात मार्कांवर मी काय बोलणार. माझं म्हणणं वेगळंय.

खो-खो नीट बघितलाय का कधी? आठ जण मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, म्हणजे पाटीवर बसलेले, शेजारशेजारच्यांची तोंडं उलट्या बाजूला, नववा पळणाऱ्याच्या मागं. बसलेल्याला अर्धंच मैदान दिसतं, खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, उठला की डावीकडं का उजवीकडं हे तिथल्या तिथं ठरवायचं आणि एकदा दिशा धरली की टोकाचा खांब ओलांडेपर्यंत माघारी फिरायचं नाही. मग समोरच्यानं हुलकावणी दिली अन् तो पाटीच्या पलीकडं गेला तर? तर एकच उपाय, जो त्या बाजूला तोंड करून बसलाय त्याला मागून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. नवीन पोरं हेच करत नाहीत. मीच धरणार म्हणून दमेस्तोवर पळतात, अन् तेवढ्यात डावाची दोन मिनिटं गेलेली असतात.

आता वर्गात या. हुशार म्हणवणारी कितीतरी पोरं अडलं तरी विचारत नाहीत, घरी जाऊन एकटीच झटत बसतात, रडतात, आणि सहामाहीचा पेपर हातात आल्यावर सगळ्यांना कळतं की त्याला त्रिकोणमिती कळलीच नव्हती. आमच्याकडं असाच एक होता. दोन सीझन खेळला, तोपर्यंत मैदानावर कुठं आपलं काम संपतं ते त्याला कळायला लागलं, मग गणिताचे सर एक दिवस मला म्हणले, तुमचं ते पोरगं फार शंका विचारायलंय हो, तास संपू देत नाही. ही तक्रार होती बरं का! त्याला टक्के किती पडले ते मला आता आठवतपण नाही.

आणि गणितावरून सांगतो, ज्यांना गणिताची भीती असते त्यांना मी मुद्दाम सामन्याचं गुणपत्रक लिहायला बसवतो. मोठ्यांचा डाव नऊ मिनिटांचा, बचावाचे गडी तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात, पहिला एक मिनिट पन्नास सेकंदांवर बाद झाला, दुसरा तीन मिनिटं पाचवर, तर दुसरा त्याच्यानंतर किती टिकला ते पटकन काढायचं. साठातून हातचा घ्यायला तिथं शिकतात, कारण चुकलं की अख्खी टीम ओरडते.

लोक मग नावं घेतात. धाराशिवची सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं आणणाऱ्या संघाची कॅप्टन, 2020 ला अर्जुन पुरस्कार. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, 2022 च्या राष्ट्रकुलमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसला रौप्य. अभिमान आहेच, पण लेकराला त्यासाठी पाठवू नका. साबळे स्टीपलचेसकडं वळला तोच मुळी सैन्यात गेल्यावर, शाळेत असताना त्याच्या पायावर कुणी पदक बघितलं नव्हतं. सवलतीचे गुण अन् नोकरीतलं पाच टक्के आरक्षण हेही खरंय, चांगलंय, पण नुसत्या सर्टिफिकेटसाठी आलेला पालक मला लांबून ओळखू येतो. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली ती अशाच हौसेतून.

बंद कधी करावं तेपण सांगतो. गुडघा सुजलेला असताना पळवतात तिथून काढा. मारतात तिथून तर त्याच दिवशी काढा. आणि मुलींच्या बाबतीत "आता मोठी झाली" हे कारण मला सांगू नका, ते मी ऐकून घेत नसतो.

राहिलं तुमच्या लेकराचं. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. आत्ता फक्त सकाळी सहा ते सव्वासात पाठवा, साडेसातच्या ट्यूशनला ते आरामात पोचतंय. काळ्या मातीत पाऊस झाला की आमचं मैदान दोन दिवस बंदच असतं, तेव्हा झोपू द्या. तालुक्याला हरलो तर सप्टेंबरच्या आत मोकळं, विभागाला निवड झाली तर शाळेत या, बसून बोलू. अन् मॅटवरचे बूट आत्ताच घेऊ नका, दिवाळीपर्यंत पायाचं माप बदलतंय या वयात.