सरनोबत कुठे गेला?

"आई, प्रतापराव गुजर नेसरीला पडले. मग पुढे सरनोबत कुणाला नेमलंच नाही का?"

रात्रीचे साडेदहा वाजलेले, मी दिवा बंद करायच्या बेतात, आणि सरनोबताबद्दल, म्हणजे फौजेच्या प्रमुखाबद्दल, लेकाचा हा प्रश्न. लेक आठवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी फाडफाड बोलतो, पण वाचायला बसला की जोडाक्षरांना ठेचकाळतो. म्हणून मे महिन्यापासून आम्ही दोघं शिवकाळावरची एक कुमार कादंबरी रोज दहा पानं वाचतोय. एक पान त्याचं, एक माझं. अट एवढीच, की शब्द अडला तरी पान संपेपर्यंत विचारायचं नाही.

ही अट मला माझ्याच लहानपणामुळे सुचली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत अर्थ दिलेली पुस्तकं आम्ही वाचायचो. नजर सारखी खाली जायची आणि गोष्ट निसटायची. अर्थही परीक्षेपुरते टिकायचे.

'बारगीर' आणि 'शिलेदार' त्याला न विचारता कळले. गोष्टीत एका लढाईत दोघांचेही घोडे मेले. बारगिराला सरकारी पागेतून दुसरा मिळाला, शिलेदार मात्र डोक्याला हात लावून बसला, कारण घोडा त्याचा स्वतःचा. लेक म्हणाला, "म्हणजे बारगिराला कंपनीची गाडी, आणि शिलेदाराने स्वतःची गाडी कंपनीत लावलेली." मी इतकं नेमकं सांगू शकले नसते.

फसगतही होते. 'हवालदार' आला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चौकातला पोलीस. हा माणूस अख्ख्या गडावर हुकूम कसा काय सोडतो, हे त्याला कळेना. 'कारखानीस' म्हणजे तर फॅक्टरीचा मॅनेजरच. गडावरच्या धान्याचा, दारूगोळ्याचा हिशेब ठेवणारा अधिकारी तो, हे कळल्यावर वर्गातली आडनावं आठवायला लागला. चिटणीस, पोतनीस, जामदार, सबनीस. हजेरीपटावर निम्मा दरबार भरलेला निघाला.

(सगळ्याच कादंबऱ्यांतून असं काही मिळत नाही. याआधी आणलेल्या एका पुस्तकात पानोपानी तलवारींचा खणखणाट होता आणि प्रत्येक जण 'गरजत' होता. ती आम्ही चाळिसाव्या पानावर सोडली.)

तर सरनोबत. नेसरीची लढाई फेब्रुवारी १६७४ची. त्यानंतर हंसाजी मोहित्यांना हंबीरराव किताब आणि तीच जागा मिळाली. पण लेकाचंही चुकलं नव्हतं, कारण पुढच्या प्रकरणांत हंबीररावांना सगळे 'सेनापती' म्हणतात. मी चार पानं मागे गेले. मधे राज्याभिषेक होऊन गेला होता, ६ जून १६७४चा.

मग पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून दाखवलं. सरनोबताचा झाला सेनापती. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही करवून घेतला, हेही सांगितलं.

"म्हणजे माणूस तोच, काम तेच, पाटी नवी?"

"हो."

"आणि लेखकाने हे कुठेच सांगितलं नाही? नुसता शब्द बदलला?"

आता त्याला नादच लागलाय. कुठलंही प्रकरण उघडून दोन ओळी वाचतो आणि राज्याभिषेकाच्या आधीचं की नंतरचं ते ओळखायला बघतो. बऱ्याचदा जमतं. काल आजोबांना फोनवर "खर्चाला कुमक पाठवा" असं सांगितलंन, तेव्हा पलीकडून आधी शांतता आणि मग ठसका ऐकू आला. कुमक दोनशे रुपयांची आली.

त्या रात्री मात्र दिवा बंद केल्यावरही अंधारातून आवाज आलाच.

"आई, त्या यादीत पेशव्याचाही पंतप्रधान झाला ना?"

"झाला."

"मग नंतर सगळे पेशवेच का म्हणत राहिले?"

"झोप आता," म्हटलं. सकाळी उठून आधी पुस्तकांचं कपाट उघडलं.