झेनला रंग मारायचाय

बेळगावात गाडीला रंग मारायचाय म्हणून कुणाला विचारा, तो गाडी बघायच्या आधी म्हणणार, "आपला एक माणूस हाय की ओ." हा माणूस कुणाच्या मेव्हण्याचा वर्गमित्र असतो, कुणाचा खानापूरकडचा गाववाला, कुणाच्या भावकीतला. डॉक्टर निवडताना लोक निदान डिग्री तरी विचारतात. पेंटरची शिफारस निव्वळ नात्यावर चालते. अडचण अशी, की पुढच्या पावसाळ्यात रंग फुगला तरी नातं तसंच राहतं. मेव्हण्याच्या वर्गमित्राशी भांडायचं कसं? त्यामुळे माझं स्पष्ट मत झालंय, पेंटर शक्यतो परका असावा.

आमची झेन १९९९ची. मारुतीनं हे मॉडेल १९९३मध्ये आणलं आणि २००६मध्ये बंद केलं, म्हणजे तिच्या बरोबरीच्या आता रस्त्यावर फारशा दिसतही नाहीत. रंग मेटॅलिक निळा, निदान आरसी बुकात तरी. प्रत्यक्षात बॉनेट आणि टपावर लॅकरचे पोपडे आलेले आणि त्याखालचा निळा वापरून वापरून विटलेल्या जीन्ससारखा. मेटॅलिकचं हे जुनंच दुखणं. खाली रंगाचा थर, त्यात ॲल्युमिनियमची बारीक चूर, आणि वर पारदर्शक लॅकर. चकाकी सगळी त्या लॅकरची. दिवसभर ऊन खातात ते बॉनेट आणि टप, म्हणून तिथलं लॅकर आधी जातं. दारं मात्र पंचवीस वर्षांनीही बऱ्यापैकी असतात. साध्या पांढऱ्या मारुती ८००ला ही कटकट नव्हती. पॉलिश मारलं, झालं.

"विकून का टाकत नाहीस?" हे टिळकवाडीतल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालंय. आता पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि २०२२च्या एप्रिलमध्ये कारची ती फी ६००ची ५००० झाली. एवढे पैसे सरकारात भरल्यावर गाडी विकणं जिवावर येतं. त्यात कर्नाटकात २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली, तीही लावून झाली. केए २२ची ती पाटी इतकी कोरी आणि बॉनेट इतकं सोललेलं, की गाडी चोरीची वाटायला लागली.

सुरुवात हायवेवरच्या एका शोरूमच्या वर्कशॉपपासून केली. एसी, कॉफी आणि हातात टॅब घेतलेला मुलगा. त्यानं गाडीकडे न बघताच पॅनेल मोजली: बॉनेट, टप, डिकी, चार दारं, चार फेंडर, दोन बंपर. तेरा. पॅनेलला ४५०० धरून ५८,५००, वर जीएसटी. गाडीला एवढे कुणी देणार नाही. त्यांच्याकडे बंदिस्त बूथ आहे, गाळलेली हवा आहे आणि साठेक अंशांवर अर्धा तास भाजायची सोय आहे, हे खरं. पण कारखान्यात नुसता पत्रा असतो, म्हणून रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. तयार गाडी तेवढी तापवली तर वायरिंग, रबर, बंपर काही शिल्लक राहायचं नाही. म्हणून बाहेरच्या रंगात हार्डनर घालतात आणि तो रसायनाच्या जोरावर सुकतो. 'कंपनी फिनिश' असं बोर्डावर लिहायला मात्र कुणाचीच हरकत नसते.

उद्यमबागेत पत्र्याचे कारागीर तोडीस तोड. मशिनशॉप आणि फाउंड्र्यांचा भाग, लोखंडाची तिथं कुणाला भीती नाही. पण मला नेलं त्या शेडला भिंती तीनच आणि चौथ्या बाजूला फाउंड्रीचं आवार. रंगवून ठेवलेल्या एका ओम्नीच्या दारावरून हात फिरवला तर बारीक वाळू लागली, रंगाच्या आत.

"बफिंगला जातंय ओ ते," मालक म्हणाले.

वर बसलेलं बफिंगला, म्हणजे घासून पॉलिश करताना, जातं. आत बसलेलं त्या गाडीबरोबरच भंगारात जातं.

धाकटा भाऊ कोल्हापूरला असतो. त्याचा आग्रह, उद्यमनगरात टाक, तिथली पोरं विमानाचासुद्धा डेंट काढतील. काढतीलही. पण कोल्हापूर एकशे दहा किलोमीटर, आणि हे काम एका खेपेत संपत नाही. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरल्यावर बघायला जायचं, प्रायमर मारल्यावर बघायला जायचं, रंगाची शेड जुळली का बघायला जायचं. दर वेळी कोगनोळीचा टोल. एवढं करून रंगाला फोड आले असते, तर सीमाप्रश्नात आणखी एक दावा वाढला असता.

किल्ल्याकडच्या एका शेडमधला पेंटर मला मनापासून आवडला होता. त्याचा हात म्हणजे हात. पण आषाढ लागला की तो रंगाची स्प्रे गन घेऊन मूर्तिशाळेत. गणपतीच्या पितांबराची सावली ज्या हातानं उतरते, तो हात माझ्या डिकीसाठी कशाला थांबेल? म्हणाला, "गणपती होऊ देत सर, मग बघू." गणपती झाले की नवरात्र, खंडेनवमीला सगळ्या टेम्पोवाल्यांना गाड्या चकचकीत पाहिजेत. मग दिवाळी. देवांच्या रांगेत माझा नंबर कधी लागणार, हे त्यालाही सांगता येईना.

या फिरण्यात मी तयार गाडी बघायचं सोडून दिलं. तयार गाडी सगळ्यांकडेच चमकते. बघावी ती अर्धी उघडी पडलेली. दारांची रबरं, हँडल, आरसे, दिवे काढलेत, की नुसती पेपर आणि टेप चिकटवलीय? टेप लावून मारलेला रंग रबराच्या कडेला थांबतो आणि तिथूनच सुटायला लागतो. लांबी किती जाड भरलीय? यासाठी फ्रिजवरचं गोकर्णचं मॅग्नेट मी फडक्यात गुंडाळून खिशात ठेवायचो. पत्र्यावर ते चटकन बसतं. वर लांबीचा जाड लेप असेल तर धरत नाही. एका ठिकाणी चकाचक डिझायरच्या मागच्या फेंडरला लावलं आणि ते सुळकन खाली आलं. मालकांचं बोलणं मध्येच थांबलं. मग म्हणाले, "ते पयल्या मालकानं भरलेलं हाय." असेलही.

शेवटी गाडी दिली ती वडगावच्या बाजूला, एका चाचांकडे. ना नात्यातले, ना ओळखीचे. मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात बोलणारे. त्यांनी काय केलं, तर बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गाडीभोवती एक चक्कर मारली. पत्रा ठण्ण बोलतो, लांबी भद्द. डाव्या मागच्या चाकापाशी थांबले.

"हितं कदी तरी मार बसलाय."

बसला होता. बाबांच्या वेळी, कित्तूरजवळ, उसाच्या ट्रॉलीचा. आईला हे आजवर माहीत नाही.

मग बॉनेटवर बोट घासून विचारलं, सर्व्हिसिंगला सिलिकॉनचं पॉलिश मारतात काय? त्याचा अंश राहिला, की नवा रंग त्या जागी धरत नाही, बारीक डोळे पडतात. आधी सगळं पुसून काढायला लागेल. बोलता बोलता ते कंप्रेसरपाशी गेले आणि टाकीच्या पोटाखालचा कॉक सोडला. फस्सकन गंजकट पाणी बाहेर आलं, तांब्याभर तरी. आमच्या पावसाळी हवेत कंप्रेसर हवेबरोबर ओलही दाबत असतो. ते पाणी गनमधून रंगात गेलं की पुढे फोड. कॉक उघडायला पैसे पडत नाहीत, पण बाकी कुठंही मला तो कुणी उघडताना दिसला नव्हता. मला वाटतं, दराचं बोलणं व्हायच्या आधी मी गाडी तिथंच दिली. शिवाय गन हातात घेताना ते तोंडाला रुमाल नव्हे, डबीवाला मास्क लावतात. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीत जाऊन दमा लावतं, हे माहीत असलेले पेंटर बरेच असतील. मास्क लावणारा मला एकच भेटला.

आणि हिशेब? सगळी गाडी करूच नका म्हणाले. बॉनेट, टप, डिकी आणि तो मार बसलेला फेंडर, बास. "दारांचा कंपनीचा रंग चांगला हाय. तो उकरून माझा कशाला मारायचा? गेला की गेला ओ, परत कोण देणार?" धंदा अर्ध्याहून कमी करून घेणारा माणूस बघून मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घरात या निमित्तानं गाडी लाल करून घ्यावी असा एक प्रस्ताव होता. रंग बदलला की आरटीओत खेटे घालून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, हे कळल्यावर निळा सगळ्यांना आवडायला लागला.

खरी कसरत रंगाची शेड जुळवायची. गाडीवर कलर कोड असतो, तो दुकानात दिला की मशीन मिसळून देतं. पण मशीन देणार १९९९चा निळा, आमची दारं पंचवीस उन्हाळे काढलेली. चाचा पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारायचे, सुकू द्यायचे, दाराला लावून उन्हात बघायचे, सावलीत बघायचे, ट्यूबखाली बघायचे. मग डब्यात काळ्याचे दोन थेंब, पुन्हा नवा तुकडा. उन्हात जुळलेला रंग ट्यूबखाली हिरवट दिसायचा. मला तर तिसऱ्या तुकड्यानंतर सगळेच सारखे वाटायला लागले. ते मात्र मान हलवत राहिले, आणि मी चहा सांगत राहिलो.

गाडी हातात देताना पथ्यं सांगितली. महिनाभर कव्हर घालायचं नाही, वॅक्स नाही, पक्ष्यांनी घाण केली तर लगेच पाण्यानं धुवायची, आणि झाडाखाली अजिबात लावायची नाही. आमच्या आवारात सावली एका आंब्याची, आणि त्यावर कावळ्यांची वस्ती. शेजारच्या काकांचा पोर्च मोठा आहे. विचारल्यावर लगेच हो म्हणाले, वर स्वतःची स्कूटर काढून जागा करून दिली. ती स्कूटर तेव्हापासून आंब्याखाली आहे. महिना कधीच होऊन गेला, काका काही बोलत नाहीत, आणि मीही विषय काढलेला नाही.