लाल जर्सी, अकरा नंबर

भाची फिनलंडमधल्या तुर्कू शहरात नोकरी करते. तिच्याकडे मी जानेवारीत बारा दिवस राहून आले. हेलसिंकी दोन दिवसांत उरकलं. सुओमेनलिन्नाचा समुद्री किल्ला वाऱ्यामुळे अर्धाच पाहिला आणि बोटीत येऊन बसले. थंडीचं सगळे विचारतात म्हणून सांगते, नीट कपडे असतील तर उणे चौदा अंश सोसतात. सोसत नाही तो अंधार. दुपारी चारला दिवस संपतो आणि मग घरच्यांची आठवण यायला लागते.

तरी लिहायला बसले ते एका संध्याकाळसाठी.

त्या दिवशी भाचीनं विचारलं, “आत्या, हॉकीला येतेस? इथं येऊन ते नाही पाहिलंस तर काहीच नाही पाहिलं.” बर्फावरच्या हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण घरात बसून अंधाराकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून निघाले. तुर्कूचा संघ टीपीएस, १९२२ सालचा क्लब, रंग काळा-पांढरा. साडेअकरा हजारांवर माणसं मावतील एवढं त्यांचं मोठं बंदिस्त स्टेडियम शहराच्या कडेला आहे. आत शिरताच कॉफी आणि भाजलेल्या सॉसेजचा वास आला. मोहरीचा पिवळा सॉस लावून ते सॉसेज सगळे उभ्यानंच खात होते.

खेळ विलक्षण वेगाचा. एका बाजूला पाच जण आणि एक गोलकीपर. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं की कठड्यावरून उडी मारून बाहेर, आणि खेळ न थांबता दुसरे पाच आत. पक म्हणजे गोठवलेल्या रबराची जाड चकती, ती कठड्यावर आदळली की छातीत धडकल्यासारखं होतं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. मधल्या सुट्टीत एक गाडी संथपणे फिरत गरम पाणी सोडते आणि ओरखडलेला बर्फ पुन्हा आरशासारखा होतो. ती गाडी बघताना मला फार शांत वाटलं.

काळ्या-पांढऱ्या गर्दीत आमच्या शेजारी एकच लाल जर्सी होती. सत्तरीच्या बाई, जाड कोटावर चढवलेली जुनी, धुऊन विटलेली जर्सी, पाठीवर ११ आणि वर नाव: कोइवू. फिनिश माणसं अनोळख्याशी बोलत नाहीत असं ऐकून गेले होते, आणि भाचीच्या इमारतीतल्या लिफ्टनं तीन दिवस ते खरंही करून दाखवलं होतं. मला त्याचा त्रासच होत होता. आपल्याकडे जिना चढतानासुद्धा “काय, कधी आलात?” असं कोणीतरी विचारतंच. पण पहिली सुट्टी झाल्यावर भाचीनं तिच्या तीन वर्षांच्या फिनिशमध्ये त्या जर्सीबद्दल विचारलं, आणि बाई आमच्याकडे वळून बसल्या त्या मॅच संपेपर्यंत.

कोइवू म्हणजे भूर्ज, असं त्यांनी सर्वांत आधी सांगितलं. हेलसिंकीहून येताना गाडीच्या खिडकीतून दोन तास दिसत होती ती पांढऱ्या खोडांची झाडं. साकू कोइवू तुर्कूचाच, जन्म १९७४चा. वडील याच क्लबचे प्रशिक्षक, धाकटा भाऊ मिक्को पुढे अमेरिकेत मिनेसोटाचा कप्तान झाला. साकू उंचीनं पाच फूट दहा इंच, म्हणजे या खेळात लहानखुराच. १९९३ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत एकविसाव्या क्रमांकावर त्याला घेतलं, तरी तो आणखी दोन वर्षं तुर्कूतच खेळला. बाई हे अभिमानानं सांगत होत्या, जणू नातवानं परदेशी जाण्याआधी आजीकडे दोन वर्षं काढली.

मग १९९५चा मे महिना. स्टॉकहोममध्ये जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी, समोर यजमान स्वीडन. फिनलंडनं ४–१ नं जिंकून पहिलं जगज्जेतेपद मिळवलं. प्रशिक्षक स्वतः स्वीडिश, कुर्ट लिंडस्ट्रॉम. विले पेल्टोनेन, साकू आणि येरे लेहतिनेन या तिघांच्या फळीला लोक तुपू, हुपू, लुपू म्हणत. डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांची ती फिनिश नावं. त्यातल्या पेल्टोनेननं एकट्यानं तीन गोल केले. शतकानुशतकं ज्या स्वीडनच्या राज्यात राहिलो त्यांना त्यांच्याच घरात हरवणं म्हणजे काय, ते बाईंना शब्दांत सांगता येईना. त्यांनी मूठ मिटून छातीवर धरली.

साकू सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतला मधला खेळाडू. पुढे माझ्या लक्षात आलं, त्याच्या आकड्यांतच त्याचा स्वभाव आहे. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या हॉकी लीगमध्ये १,१२४ सामने, २५५ गोल आणि ५७७ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गोल मिळवून देण्यातला वाटा. स्वतःच्या गोलांच्या दुपटीहून जास्त.

दुसऱ्या सुट्टीत बाईंनी सप्टेंबर २००१ सांगितलं. नव्या मोसमासाठी साकू फिनलंडहून मॉन्ट्रियलला निघाला आणि पोटदुखी, उलट्या सुरू झाल्या. तपासण्या झाल्या, निदान आलं: नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर. वय सव्वीस. दोन वर्षांपासून तो त्या संघाचा कप्तान होता, त्या क्लबचा पहिला युरोपीय कप्तान. मोसम गेलाच, पुढे खेळेल की नाही तेही कोणी सांगेना. केमोथेरपी झाली, केस गेले. आणि ९ एप्रिल २००२ ला, मोसमाचे शेवटचे थोडे सामने उरले असताना, ओटावाविरुद्ध तो बर्फावर उतरला. प्रेक्षक उभे राहिले ते सुमारे आठ मिनिटं बसलेच नाहीत. त्या वेळी फिनलंडमध्ये पहाटेचे दोन वाजून गेले होते. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी बातम्यांत पाहिलं आणि कॅनडातल्या मुलाला फोन केला, मला ती जर्सी पाठव म्हणून.

हे ऐकूनही मी सावरून होते. पण बाई पुढे म्हणाल्या, “त्याला पेट स्कॅनसाठी शेरब्रुकला न्यायला लागलं होतं. मॉन्ट्रियलच्या त्याच्या हॉस्पिटलात ते मशीनच नव्हतं. बरा झाल्यावर त्यानं फाउंडेशन काढलं, पैसे जमवले आणि मशीन आणून बसवलं.”

भाची भाषांतर करता करता थांबली. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ.

आम्ही चिपळूणचे. भावाच्या मानेत गाठ आली तेव्हा डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. मशीन मुंबईला. सहा तास उपाशी राहायचं म्हणून मध्यरात्री निघालो. परशुराम घाट, कशेडी घाट, महाड, रस्त्याचं काम चालू, मागच्या सीटवर उशी घेऊन तो. पहिल्या खेपेला तिथं पोचल्यावर कळलं की मशीन बंद आहे. फोन करून सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. तसेच उपाशी परत. दुसऱ्या खेपेला झालं. शिरेतून किरणोत्सारी साखर देतात, मग तासभर हलायचं नाही, बोलायचंही नाही. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून चित्रात त्या उजळतात. तो आत एकटा निश्चल पडलेला, मी आणि वहिनी बाहेर बाकावर, आणि वहिनीच्या मांडीवर डबा, जो त्यानं बाहेर आल्यावर खायचा होता. आजाराची सगळी वर्षं मला पुसट आठवतात, पण तो रस्ता वळणावळणानं आठवतो. भाऊ आता बरा आहे. रस्त्याचा राग माझ्यातून गेलेला नाही.

आणि इथं हा माणूस, ज्याला खेळायला परत मिळालं, मैदान मिळालं, आठ मिनिटांच्या टाळ्या मिळाल्या, त्यानं तो रस्ता लक्षात ठेवला. पुढच्या माणसाला तो लागू नये म्हणून खटपट केली. मी तोंडावर मफलर धरला. बाईंनी काही विचारलं नाही, फक्त हातमोजा काढून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फिनिश माणसांबद्दलचं माझं मत मी तिथंच मागे घेतलं.

तिसऱ्या भागात कोण जिंकलं ते खरंच आठवत नाही.

रात्री भाचीनं बाकीचं वाचून दाखवलं. २००६ मध्ये ट्युरिनच्या ऑलिम्पिकला तो फिनलंडचा कप्तान, अंतिम सामना पुन्हा स्वीडनशी. शेवटच्या भागाच्या सुरुवातीलाच त्याची स्टिक मोडली आणि दहाव्या सेकंदाला स्वीडनचा गोल झाला. २–३, रौप्य. त्याच वसंतात एका सामन्यात डोळ्यात स्टिक लागून पडदा सुटला. फ्रेंच बोलत नाही म्हणून फ्रेंचभाषक मॉन्ट्रियलमध्ये त्याच्यावर टीका झाली. भाषेचा आग्रह मला समजतो, मीही तो धरते. पण ज्या शहराला त्यानं असं मशीन दिलं, त्या शहरानं त्याचं मौन थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. २००९ मध्ये तो मॉन्ट्रियल सोडून अनाहाइमला गेला, तिथं मित्र तेमू सेलान्नेबरोबर खेळला आणि २०१४ मध्ये थांबला.

उरलेले दिवस मी औरा नदीच्या काठानं चालत राहिले. एका शाळेच्या अंगणात पाणी सोडून गोठवलं होतं आणि सात-आठ वर्षांची पोरं दिव्याच्या उजेडात खेळत होती. पाय दगड होईपर्यंत तिथंच उभी राहायचे.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. टाळ्यांचं, जर्सीचं, बाईंनी हात ठेवला त्याचं. तो ऐकून घेत होता. मग विचारलं, “मॉन्ट्रियल ते ते दुसरं गाव, किती लांब?”

“दीडशे किलोमीटर असेल.”

“आपल्याला अडीचशे पडलं होतं,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ दोघंही फोन धरून होतो.