चिमटा, पाकळी आणि कानातली माणसं

चिमट्याच्या टोकावर पाकळी असताना हसायचं नाही, हा नियम मला एका विनोदी पॉडकास्टने शिकवला. दोन मित्र गप्पा मारत होते. एकाने शाळेच्या नाटकात आपल्याला झाडाचं काम कसं मिळालं आणि त्या झाडाला ऐन प्रवेशात शिंक कशी आली, हे सांगायला घेतलं. मी दाबून वाळवलेल्या फुलांची चित्रं करते, आणि तेव्हा तीन आठवडे वाळवलेल्या पॅन्सीच्या फुलाची पाकळी कागदावर टेकवत होते. फस्सकन हसू फुटलं आणि पाकळी उडाली. तिच्यामागोमाग डिंक लावायची राहिलेली सगळी मांडणी उडाली. नेच्याची दोन पानं टेबलाखाली सापडली, पॅन्सी मात्र कुठे गेली कोण जाणे. झाडाच्या शिंकेने माझी बाग उजाड केली.

तेव्हापासून ऐकायच्या गोष्टींची मी कामानुसार वाटणी केली आहे. फुलं खुडणं, निवडणं, कागदात घालणं हे धसमुसळं काम, तेव्हा विनोदी काहीही चालतं. मांडणी करायची असेल तर इतिहास किंवा विज्ञान, आणि बोलणारा शक्यतो संथ आवाजाचा. गुन्ह्यांच्या तपासकथा वर्ज्य. एकदा ऐकून पाहिल्या, खुनी खिडकीपाशी आला आणि माझ्या चिमट्याने पाकळीचे दोन तुकडे केले. पंखा तर या सगळ्या काळात बंदच असतो. घाम आला तरी चालतो, फक्त तो कागदावर पडता कामा नये.

सामान विचाराल तर फारसं काही लागत नाही. टीपकागद, चिमटा, बारीक कुंचला, डिंक आणि एक जाडजूड शब्दकोश. अर्थ आता सगळे फोनमध्येच बघतात, त्यामुळे घरातला शब्दकोश बेकार बसला होता. मी त्याला काम दिलं. लाकडी फळ्या आणि स्क्रू असलेला दाबही मिळतो, पण शब्दकोशात एक गंमत आहे. फूल ठेवताना त्या पानावरचे दोन-चार शब्द वाचले जातात आणि उगाच लक्षात राहतात.

फूल दाबायचं म्हणजे खरं तर त्यातलं पाणी काढून घ्यायचं, आणि तेही लवकर. पाणी रेंगाळलं की पाकळीतली विकरं कामाला लागतात आणि रंग तपकिरी पडतो, नाहीतर बुरशी धरते. म्हणून फूल खुडायचं ते दव वाळल्यावर आणि उन्हाने मलूल होण्याआधी. पहिले तीन-चार दिवस टीपकागद रोज बदलायचा. नंतर मात्र दोन-तीन आठवडे उघडून बघायचं नाही. मी बघते. बघू नये हे मला माहीत आहे.

फुलांचे स्वभाव कळायला वेळ लागला. पिवळी-केशरी फुलं भरवशाची. त्यांचा रंग बहुधा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि तो सहसा दगा देत नाही. लाल, जांभळ्या, निळ्या रंगांमागे बहुतेक वेळा अँथोसायनिनं असतात आणि ही मंडळी लहरी. आम्लता थोडी इकडची तिकडे झाली की रंग बदलतात. जास्वंदीने मला रडवलं. लालभडक ठेवली होती, उघडल्यावर काळपट जांभळी निघाली आणि स्वतःच्याच चिकट रसाने कागदाला अशी बिलगली होती की सोडवताना दोघांचंही नुकसान झालं. मोगऱ्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. तो जुन्या पत्राच्या रंगाचा होऊन बाहेर येतो. झेंडू तर दाबण्यासाठी जन्मलेलाच नाही. त्याला अख्खा ठेवला तर शब्दकोशाची पाठ मोडेल. त्याच्या पाकळ्या सुट्या करून वाळवायच्या आणि कागदावर पुन्हा फूल रचायचं.

याच्या उलट बोगनवेल. आपण जिला फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं असतात, खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली इवलीशी पांढुरकी नळी. ती रंगीत पानं झाडावरच निम्मी कागद झालेली असतात, आपण फक्त उरलेलं निम्मं काम करायचं. आणि नेचा. त्याच्याइतकं शहाणं बाळ या धंद्यात दुसरं नाही. ठेवा तसा राहतो, हिरवा रंग थोडासाच उतरतो, आणि मांडणीत कुठेही बसवला तरी तो मुळात तिथेच उगवला होता असं वाटतं.

जपानमध्ये या कलेला ओशिबाना म्हणतात आणि तिथले कसलेले हात पाकळ्यांतून डोंगर, धबधबे, चेहरे उभे करतात. माझी मजल अजून शुभेच्छापत्रांपर्यंत आहे. पलीकडे जायची घाईही नाही.

घाईवरून आठवलं. माझा भाचा सगळं दुप्पट वेगाने ऐकतो. एकदा माझ्या शेजारी येऊन बसला, एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि दचकून म्हणाला, "मावशी, हा माणूस आजारी आहे का?"

"नाही रे, तो असाच बोलतो. सगळेच असं बोलतात."

"म्हणजे तू एकपटीने ऐकतेस? अजून?"

मी त्याला सांगितलं नाही, पण मीही दीडपटीने ऐकणाऱ्यांतलीच होते. यादीतले भाग संपवायचे असत. एक संपला की खूण, मग पुढचा. फुलांनी ते मोडलं. दीडपट वेगाचं बोलणं कानात असलं की हातही दीडपट होतो, आणि वाळलेली पाकळी तेवढा वेग सोसत नाही. पहिल्याच आठवड्यात तीन फुलं मोडली तेव्हा मी मुकाट्याने वेग एकवर आणला. आणि मग जे ऐकू आलं ते मला नवीन होतं. लोक बोलताना थांबतात. उत्तर देण्याआधी श्वास घेतात. एक शास्त्रज्ञ बाई प्रत्येक अवघड प्रश्नाला आधी "हं" म्हणायच्या, आणि त्या "हं"च्या लांबीवरून प्रश्न किती अवघड आहे ते कळायचं. दीडपट वेगात हे सगळे "हं" मी इतकी वर्षं गिळत होते.

हात गुंतलेले आणि कान मोकळे ही अवस्था काही आजची नाही. क्यूबात हवानातल्या सिगार कारखान्यांत 1865 पासून एक वाचक ठेवला जाऊ लागला. कामगार पानं वळत बसायचे आणि हा मंचावर बसून मोठ्याने वाचायचा, वर्तमानपत्रं, मग कादंबऱ्या. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपापल्या मजुरीतून वर्गणी काढायचे. दुसऱ्याच वर्षी सरकारने बंदी घातली, कारण ऐकणारा माणूस विचार करू लागतो असा त्यांना संशय आला असावा. बंदी काही कायमची टिकली नाही, वाचक परत आला. मला त्या वर्गणीची फार गंमत वाटते. एकसुरी काम करणाऱ्या माणसाला कानात दुसरं माणूस हवं असतं आणि त्यासाठी तो खिशात हात घालतो. मी मात्र अजून जाहिराती ऐकून फुकटात भागवते. आणि मला जाहिरात पुढेही ढकलता येत नाही, हाताला डिंक असतो.

पॉडकास्ट हा शब्दही तसा दाबून ठेवलेलं फूलच. फेब्रुवारी 2004 मध्ये बेन हॅमर्सली यांनी ब्रिटनच्या 'द गार्डियन' दैनिकातल्या लेखात या नव्या प्रकाराला काय म्हणावं म्हणून दोन-तीन नावं सुचवली, त्यांतलं एक पॉडकास्टिंग. आयपॉड या गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रातला पॉड आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारण, त्यातला कास्ट. आयपॉडचं उत्पादन 2022 मध्ये बंद झालं. झाड गेलं, पाकळी तेवढी शब्दकोशात राहिली.

फुलं दाबणाऱ्यांमध्ये मला सगळ्यांत जवळची वाटते ती एमिली डिकिन्सन. पुढे मोठी कवयित्री झाली, पण शाळकरी वयात तिने चारशेहून जास्त वनस्पती दाबून एका वहीत चिकटवल्या. 66 पानं, 424 नमुने. पहिल्या पानावर जाई-जुईच्या कुळातलं फूल आहे. ही वही हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे आणि आता ती इतकी नाजूक झाली आहे की आपण तिची छायाचित्रंच पाहायची. मी पाहिली. बऱ्याच नमुन्यांखाली तिच्या बारीक अक्षरातली नावाची चिठ्ठी आहे. कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी देठ धरून ठेवले आहेत. एक कळत नाही. हे देठ धरत असताना तिच्या आजूबाजूला काय आवाज होते? कुणी वाचून दाखवत होतं, की ओरडत होतं? वहीत फूल आहे, नाव आहे, आवाज कुठेच नाही.

हा प्रश्न पडायचं कारण माझ्या भिंतीवर आहे. मीही प्रत्येक चित्रामागे फुलाचं नाव आणि तारीख लिहिते. काय ऐकत होते ते लिहीत नाही, कारण लिहायची गरज पडत नाही. निळ्या गोकर्णाच्या चित्राकडे पाहिलं की खोल समुद्रातल्या माशांबद्दल बोलणारा तो घोगरा आवाज येतो. बोगनवेलीच्या कमानीत एका निवृत्त रेल्वे चालकाची मुलाखत आहे. रात्रीच्या पाळीत सिग्नलचा दिवा दिसेपर्यंत काय वाटायचं ते तो सांगत होता, तेव्हा मी डाव्या बाजूचं तिसरं फूल लावत होते. भाग पुन्हा ऐकला तर उलटंही होतं, समुद्राचं नाव निघालं की बोटांना डिंक लागल्यासारखं वाटतं. ही चित्रं मी कुणाला भेट दिली की त्यांना फक्त फुलं मिळतात. हे जरा फसवल्यासारखं आहे, पण सांगायचं कसं?

एक चित्र मात्र मी कुणाला देत नाही. फक्त नेचा आहे त्यात, एकच लांब पान, आणि तळाशी पिवळ्या रानफुलांचा ठिपका. तेव्हा मी एक पॉडकास्ट नेमाने ऐकायचे. एकटीच बाई होती, झाडांवर बोलायची, मागे कधी तिच्या कुत्र्याचं भुंकणं यायचं आणि ती त्याला रागावायची. ध्वनिमुद्रणातून ते काढून टाकायची तसदीही घेत नसे. त्या भागात ती नेच्यांबद्दलच बोलली. नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही, पानामागच्या ठिपक्यांतून बीजाणू उडतात आणि त्यावर त्याचं चालतं, असं. मी पान उलटून पाहिलं, ठिपके होते. शेवटी ती म्हणाली, "बीजाणूचं पुढे काय होतं ते फार मजेशीर आहे, पुढच्या भागात सांगते."

पुढचा भाग आला नाही. एक महिना गेला, सहा महिने गेले. आता चार वर्षं झाली. बीजाणूचं पुढे काय होतं ते मी केव्हाच दुसरीकडे वाचलं आहे, खरंच मजेशीर आहे. तरी यादीतून तिचं नाव काढलेलं नाही. चित्र खिडकीपासून दूर, उन्हाचा हात पोहोचणार नाही अशा भिंतीवर लावलंय. पिवळा ठिपका अजून पिवळा आहे.

काल शब्दकोशात नव्या पॅन्सी ठेवल्या, 'न'च्या पानांत. उघडून बघायला अजून बारा दिवस आहेत. उद्या बघेन.