काजवे बघायला गेले आणि विहिरीवर बसले

काजवे दिसले. हिरड्याचं अख्खं झाड एका ठेक्यात उजळत होतं, विझत होतं. फोटो एकही नीट आला नाही. काजव्यांचं एवढंच, कारण मला लिहायचंय ते त्या रात्री दोन वाजता जे पाहिलं त्याबद्दल.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. लोकलने आसनगाव, तिथून शहापूर, मग डोळखांबकडची जीप आणि शेवटी आजोबा डोंगराच्या अंगाचा एक ठाकरांचा पाडा. पाड्याचं नाव लिहीत नाही. ज्यांनी घरात घेतलं त्यांच्या दारात उद्या पन्नास गाड्या उभ्या राहायला नकोत. वाटेत एका चढावरून भातसाचा जलाशय दिसला. काठ बराच उघडा पडला होता, तरी मधे पाणी चकाकत होतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता १४.४७ लाख दशलक्ष लिटर, त्यातलं जवळजवळ निम्मं, ७.१७ लाख, या एकट्या भातसात. मी मुलुंडला राहते. म्हणजे घरी नळ सोडल्यावर जे येतं त्यात याच खोऱ्याचा मोठा वाटा. आकडा पेपरात दर जूनला वाचलेला, पण पाणी डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन असं की डोकं ठणकत होतं. राहणं-जेवण माणशी अकराशे रुपये, आणि आयोजकाच्या निरोपात स्वच्छ लिहिलेलं : आंघोळीला पाणी मिळेल. अंगणात निळी पिंपं भरलेली होती. मी दोन तांबे घेऊन हातपाय, मान, तोंड खळखळून धुतलं. फार बरं वाटलं. पिंपातलं पाणी आमच्या गटासाठी पिकअपवरून विकत आणलंय, हे मला संध्याकाळी कळलं. घरातल्या कुणीही त्या पिंपांना हात लावला नव्हता.

प्रत्येक घरासमोर योजनेचा नळ आहे. सिमेंटच्या छोट्या खांबावर बसवलेला, तोटीसकट. आमच्या घरासमोरच्या नळाला शेळी बांधली होती. टाकी बांधली, पाइप टाकले, नळ बसले, पण ज्या विहिरीवरून हे सगळं चालायचं ती होळीनंतर आटते. ‘भावलीचं पानी येनार’ असं, आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी म्हणाल्या. भावली धरण वर इगतपुरी तालुक्यात आहे, तिथून उताराने शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना आहे. मावशींच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते ‘येणार’ तिथून निघेपर्यंत टोचत राहिलं.

रात्री हंड्यांच्या आवाजाने जाग आली. मावशी आणि त्यांची सून निघाल्या होत्या. मी येऊ का विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “झोप ना गं बाय, दमली असशील.” तरी गेले. विहीर पाऊण किलोमीटरवर, उताराला. कठड्याभोवती दहा-बारा बायका बसलेल्या, दोघीतिघींच्या मांडीवर झोपलेली पोरं. हंड्यांची रांग आणि जिथे हंडा नाही तिथे ओळखीचा दगड ठेवलेला. टँकर दोन दिवसाआड येऊन विहिरीत पाणी ओततो, पण त्या दिवशी आलाच नव्हता. त्यामुळे खालच्या झिऱ्यातून जे पाझरेल तेच.

सुनेचा नंबर आला. साडीचा पदर खोचून ती आत उतरली. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय टाकत, अंधारात, हाताला दोर गुंडाळून. मी वरून मोबाइलचा उजेड धरला. तळाशी खडकात परातीएवढा खळगा होता. ती त्याच्याशी उकिडवी बसली आणि नारळाच्या करवंटीने पाणी उचलू लागली. करवंटी खोल बुडवायची नाही, नाहीतर गाळ वर येतो. कड तिरपी करून वरचं वरचं पाणी घ्यायचं, पोहऱ्यात ओतायचं. खळगा रिकामा झाला की थांबायचं. पाणी कुठून येतं ते दिसतही नव्हतं, खडक नुसता ओला चमकायचा आणि हळूहळू तळाला ओल साठायची. वर सगळ्या गप्प होत्या. एक हंडा भरायला अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासात मावशींनी विचारलं, “तुमच्याकडं पानी कवा येतं?”

“पहाटे. पाच ते आठ.”

“रोज?”

“रोज.”

त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र पिंपातले दोन तांबे आठवले.

पहाटेपर्यंत चार हंडे झाले. घरात माणसं सात. हंडा पंधरा लिटरचा धरला तर माणशी साडेआठ लिटर, त्यातच रांधणं, त्यातच दोन शेळ्या. ग्रामीण योजनांचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. शहरासाठी तोच १३५ धरतात. याच तालुक्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, हे मला सगळ्यात झोंबतं. पण खाली काळा कातळ. पाणी त्यात मुरत नाही, ओढ्यानाल्यांतून धो धो खाली जातं आणि खोऱ्यातल्या धरणात साठतं. तिथून ते नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि शहराकडे पाठवतात. शहरासाठी पाणी उपसायला पंप आहेत, वीज आहे. पाडे धरणाच्या वरच्या अंगाला आहेत आणि तिथे पाणी चढवणं परवडत नाही असं सांगतात. मला हे पटत नाही. तेवढं पाणी वर चढवायला जी वीज लागेल, तेवढी तरी या खोऱ्याची आमच्यावर उधारी आहे.

घरी आल्यावर मावशींनी जुन्या लुगड्याचा तुकडा चार पदरी करून हंड्याच्या तोंडावर धरला आणि पाणी गाळलं. फडक्यावर लालसर लगदा उरला. गाळलेल्या हंड्यात सागाचं पान टाकलं, म्हणजे उचलताना हिंदकळत नाही. उकळता का, असं मी विचारलं. लाकूडफाटा आणायलाही डोंगरातच जावं लागतं, त्यामुळे फक्त लहान नातवापुरतं उकळतात. विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकतात, पण पाणी किती आहे हेच ठरलेलं नसतं तिथे पावडर किती टाकायची? कधी वासाने प्यायवत नाही, कधी वास येतच नाही. पावसाळ्यात सुटका होत असेल असं मी म्हणाले, तर सून पहिल्यांदाच बोलली. “पावसात पानी हाय तेवढं, पन शेणामातीचं. पोरं हगवनीनं पडतात.” दवाखाना लांब, ओढ्याला पूर आला की तोही नाही. उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात पिण्याजोगं नाही. वर्षातले बरे महिने तेवढे दिवाळीच्या आगेमागे, आणि तेव्हा पाड्यातली निम्मी माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात.

आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी सकाळी आंघोळीचं पाणी कमी पडलं म्हणून आवाज चढवला. मी त्यांना विहीर दाखवायला चला म्हटलं. ते आले नाहीत. मला त्यांचा अजूनही राग आहे.

निघताना मावशींनी माझी बाटली मागून घेतली आणि गाळलेल्या हंड्यातून भरली. मी हात आडवा धरला. त्या रागावल्याच. “पाव्हण्याला कोरडं धाडू का?” म्हणाल्या. मग पुढच्या खेपेला मेडिक्लोरच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाच्या, बाटल्या आणायला सांगितल्या, आशाताई देतात त्या पुरत नाहीत. सुनेने उंबऱ्यातूनच “चार बाटल्या आना” असं सांगितलं.

आसनगावला गाडीत जागा मिळाली. बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. तो ढवळू नये म्हणून बाटली मांडीवर सरळ धरली आणि कल्याण येईपर्यंत वरचं पाणी घोट घोट करून संपवलं.